इंग्रजी झीलकरी

शेजारच्या अंकलचा डीव्हीडी प्लेअर बिघडला नसता, तर माझ्या वडिलांना नेमकं काय येतं हे मला शेवटपर्यंत कळलं नसतं. चाळिशी ओलांडलेली मी, दोन देशांत संसार मांडलेली, ऑफिसात दहा माणसांची टीम हाकणारी. आणि जन्मदात्या बापाबद्दल माझी माहिती एवढीच की माणूस स्वभावानं गरीब आहे, चहा बिनसाखरेचा लागतो.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी बाबांना सिंगापूरला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे जवळजवळ उचलूनच आणले. पुण्याचा फ्लॅट बंद केला, व्हिजिट पासचं सगळं केलं, आणि तिकीट हातात ठेवूनच त्यांना सांगितलं. ते नाही म्हणणार नव्हतेच. बाबांनी कशालाच नाही म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि होसुद्धा ते कुणी विचारल्याशिवाय म्हणत नसत.

हे 'विचारल्याशिवाय' महत्त्वाचं. बाबा बोलत नसत असं नाही. विचारलं की बोलत, व्यवस्थित बोलत. पण एखादं वाक्य आपण होऊन सुरू करणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. तो आईचा होता. आई शाळेत मराठी शिकवायची, आणि शाळा सुटल्यावर घरी येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून किस्से ऐकवायची. बहुतेक किस्से बाबांवरचेच. बाबा शेजारी बसून "असं?" म्हणत, "मग?" म्हणत, "हो का?" म्हणत, जणू काही हे सगळं भलत्याच कुणाबद्दल चाललंय. पाहुणे पोट धरून हसत. "वहिनी आहेत म्हणून घर बोलतं," असं जाताना प्रत्येक जण म्हणायचा, आणि त्याला खालपर्यंत सोडायला चपला घालता घालता बाबाही मान डोलवायचे.

सिंगापुरात आमच्या सेम्बावांगच्या घरी आल्यावर ते सकाळी उठत, आंघोळ करत, गॅलरी नसल्यामुळे खिडकीशी उभे राहत. विचारलं तर झोप छान लागली. विचारलं तर भाजी छान झाली. माझी मुलगी इथल्या शाळेत शिकलेली, तिनं एक दिवस जाहीर केलं, "आजोबा सो क्वाएट, लाह." माझ्या नवऱ्याचं म्हणणं, स्वभाव आहे, तू कशाला जिवाला लावून घेतेस.

मी लावून घेत होते कारण पास संपला की ते परत जाणार होते. राहा म्हटलं असतं तर राहिलेही असते, पण पास काही माझ्या म्हणण्यावर चालत नव्हता. पुण्यात त्या बंद फ्लॅटमध्ये त्यांना विचारणारं कोण होतं? मला डोळ्यांसमोर दिसायचं, हा माणूस खुर्चीत बसलाय आणि दिवस मावळेपर्यंत घरात शब्द उमटलेला नाही. आणि फोनवर मी विचारते तेव्हा म्हणतोय, बरं आहे. मला याची खरोखर भीती वाटत होती. जायच्या आधी त्यांनी एक तरी गोष्ट आपण होऊन बोलायला सुरुवात करावी, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी त्यांना फिरवलं. होडीतून पुलाउ उबीन बेटावर नेलं, तिथली जुनी लाकडी घरं दाखवली. "कसं वाटलं?" "छान." मराठी मंडळींच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बसवलं. तिथं सगळेच स्वतःहून बोलणारे, त्यामुळे बाबा सर्वांना भयंकर आवडले. मी चिडायची. चिडून आणखी प्रश्न विचारायची, आणि ते आणखी उत्तरं द्यायचे.

अशात एका शनिवारी संध्याकाळी शेजारचे अंकल दारात उभे राहिले. हे चिनी गृहस्थ, पंचाहत्तरीच्या पुढचे, एकटेच राहणारे. तरुणपणी इंग्रजांच्या नौदलाच्या गोदीत कामाला होते, इंग्रज गेल्यावर त्याच जागी निघालेल्या शिपयार्डमध्ये. लिफ्टमध्ये भेटले की तळमजला येईपर्यंत बोलायचे, आणि तळमजला आल्यावर लिफ्टचं दार हातानं धरून बोलायचे. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे डीव्हीडी प्लेअर आहे का? त्यांचा मेला होता, आणि दुकानात आता तसला प्लेअर मागितला की पोरं हसतात म्हणे. आमच्याकडे होता, मुलीच्या बालगीतांच्या काळातला. दहा मिनिटांत अंकल एक मोठा खोका घेऊन आले आणि सोफ्यावर बाबांच्या शेजारी बसले.

खोक्यात इंग्लंडच्या टीव्हीवरचे जुने विनोदी कार्यक्रम होते. सगळे जोडीचे. गोदीच्या दिवसांत अंकल त्यांच्या वस्तीतल्या कम्युनिटी सेंटरमध्ये उभ्या गर्दीत हे बघायचे. त्या काळी तिकडे अशा जोड्या किती तरी होत्या, त्यांनी मला सांगितलं, पण मांडणी एकच: एक जण घोळ घालणार, दुसरा सोसणार. त्यांच्या सर्वांत आवडीची जोडी काही पहिल्या क्रमांकाची नव्हती. "नंबर थ्री, नंबर फोर लाइक दॅट," ते म्हणाले. "बट माय नंबर वन."

त्यात एक उंच, हडकुळा, सारखे हातवारे करणारा. दुसरा बुटका, चौकोनी, कोटाची सगळी बटणं लावून उभा. पहिल्याच प्रवेशात उंच माणूस दुकानात छत्री परत करायला येतो. बिघडलेली आहे म्हणतो. बुटका दुकानदार ती उघडून बघतो, नीट उघडते. मिटून बघतो, नीट मिटते. काय बिघडलंय म्हणून विचारतो. उंच म्हणतो, घेतल्यापासून पाऊसच पडलेला नाही. दुकानदार त्याच्याकडे बघतो. नुसता बघतो. चेहऱ्यावरची रेषदेखील हलत नाही. मग छत्रीकडे बघतो, पुन्हा त्याच्याकडे, आणि अत्यंत अदबीनं विचारतो, "साहेब, आपण ती घरी विसरून बघितलीत का?"

हे असं सलग मला नंतर कळलं. त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात जे झालं ते वेगळंच. अंकलना सगळं पाठ, त्यामुळे प्रत्येक विनोद ते टीव्हीच्या आधी म्हणून मोकळे व्हायचे. बाबांचं इंग्रजी बेताचं. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी, तिथं इंग्रजी लागलं ते पंप आणि पाइपांच्या नावांपुरतं. म्हणून मी प्रत्येक वाक्य झालं की मराठीत सांगायची. एक विनोद तीनदा, आणि तिन्ही वेळा मेलेला. बाबा दोघांच्या मधे बसून पडद्याकडे बघत होते.

आणि ते हसले. अंकलच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही, टीव्हीतले प्रेक्षक हसले तेव्हाही नाही. दुकानदार जेव्हा नुसता बघत होता, काहीच बोलत नव्हता, तेव्हा. मला वाटलं त्यांना काही तरी वेगळंच समजलंय. मी आवाज चढवून पुन्हा सांगायला लागले, छत्री बघा, पाऊस बघा, तेव्हा बाबा माझ्याकडे वळले.

"तू मधे बोलू नकोस," ते म्हणाले. "तू बोललीस की तो कुठं थांबतो ते दिसत नाही."

सिंगापूरला आल्यापासून त्यांनी स्वतःहून सुरू केलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते मला गप्प करायला. माझा नवरा स्वयंपाकघरात जाऊन हसला ते मला ऐकू आलं.

रात्री जेवताना मी विचारलं, कोण थांबतो? उंच माणूस तर थांबतच नाही. बाबा म्हणाले, उंच नाही. बुटका. तो झीलकरी आहे.

झीलकरी हा शब्द मी किती तरी वर्षांनी ऐकला. लग्नाआधी बाबा गणपतीच्या मेळ्यात पोवाड्याच्या पथकात उभे राहत, एवढं मला ठाऊक होतं. पथकाचा एक फोटो आहे. पुढं फेटा बांधलेला शाहीर, हात उंच गेलेला. आणि मागं दोघं-तिघं झील धरणारे, त्यात शाहिराच्या कोपराआड अर्धे झाकलेले बाबा. शाहिरानं ओळ टाकली की मागच्यांनी 'जी जी रं जी' म्हणायचं, ओळ उचलून धरायची. आम्ही पोरं त्या फोटोला हसायचो, की बाबांना फोटोतसुद्धा पुढं येता आलं नाही.

"झीलकऱ्यानं लोकांकडं बघायचं नसतं," बाबा म्हणाले. "शाहिराच्या पाठीकडं बघायचं. श्वास घेताना खांदा उचलतो. तो उचलला की आपण आत शिरायचं. आधी शिरलं तर ओळ तुटते, मागून शिरलं तर लोकांना आपण दिसतो." एवढं बोलून त्यांनी आमटी वाढून घेतली. विचारलं होतं म्हणून सांगितलं होतं, हे मी विसरले नव्हते. पण त्यांना असं काही सांगता येतं हेच मला नवं होतं.

पुढच्या शनिवारी अंकल आले तेव्हा बाबांनी रिमोट हातात घेतला आणि म्हणाले, "साउंड नो." अंकलना वाटलं प्लेअर बिघडला. मग समजल्यावर ते इतके चकित झाले की खरंच गप्प बसले. विनोदी कार्यक्रम आवाज बंद करून बघणारं आमचं सेम्बावांगमधलं एकमेव घर असणार.

आवाज गेल्यावर प्रेक्षकांचं हसू गेलं, विनोद गेले, आणि जे उरलं ते बघून मी सोफ्याच्या कडेवर येऊन बसले. उंच माणूस आमच्याकडे बघत होता. सारखा. हात उडवून, भुवया उडवून, आमची मर्जी राखत. बुटका आमच्याकडे एकदाही बघत नव्हता. त्याची नजर जोडीदारावर, तीही चेहऱ्यावर नाही. मानेच्या खाली, खांद्यापाशी. उंच माणसाचा खांदा किंचित वर जायचा, आणि त्याच क्षणी हा मान तिरकी करायचा, किंवा कोटाचं बटण चाचपायचा, किंवा नुसता निश्चल व्हायचा. तो निश्चल झाला की आम्हाला आपोआप उंच माणसाकडे बघावंसं वाटायचं. सगळ्या इंग्लंडला कुठं बघायचं, कधी हसायचं, हे तो बटणं लावलेला माणूस ठरवत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. इतकं अवघड काम इतकं लपवून कुणी करत असेल यावर विश्वास बसेना.

"परत लावा," मी म्हणाले. अंकलनी तीच छत्री पुन्हा लावली. आता मी बुटक्याशिवाय कुणाकडेच बघितलं नाही, आणि दर वेळी थक्क झाले. अंकल कुजबुजले, "फिफ्टी इयर्स आय सी धिस शो. आय नेव्हर सी धिस मॅन."

त्या आठवड्यात ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला आईचे किस्से आठवायला लागले. आईचे म्हणजे, आता मी बाबांचा आवाज शोधत होते. आई सांगत सुटायची, पाहुणे मागं पडायचे, आणि नेमकं तिथं "असं?" यायचं. पाहुणे गोष्टीला गाठायचे. ती श्वास घ्यायला थांबली की "मग?" यायचं, आणि तिचं थांबणं थांबणं वाटायचंच नाही. एकदा बाबा तापानं आतल्या खोलीत झोपलेले होते आणि आईनं पाहुण्यांना तिचा हुकमी किस्सा एकटीनं सांगितला. कुणी फारसं हसलं नाही. आई मधेच उठून चहा टाकायला गेली, आणि नंतर म्हणाली, आज मंडळी जरा जडच होती. मंडळी जड नव्हती. हे मला यिशुन स्टेशनला, डब्यात उभ्यानं, पिशवी सांभाळत कळलं आणि डोळे भरून आले. समोर बसलेली एक मुलगी उठून मला जागा देऊ लागली.

त्यानंतरच्या शनिवारी अंकलनी खोक्यातली शेवटची डीव्हीडी लावली. त्यात प्रवेश संपल्यावर एक मुलाखत होती, अंकलनीही पूर्वी न बघितलेली. बुटका आता म्हातारा झालेला, एकटाच. उंच माणूस वारला होता. बुटका एका लांब बाकावर बसला होता, आणि बाक रिकामा असूनही अगदी कडेला. मुलाखत घेणारी बाई म्हणाली, तुमचा छत्रीचा प्रवेश थोडा करून दाखवा ना. तो म्हणाला, माझ्या वाट्याला त्यात करण्यासारखं काही नाही. आणि मग त्यानं उंच माणसाचा भाग म्हटला. नक्कल नाही केली. हातवारे नाहीत, आवाज बदलला नाही. खालच्या सुरात, वाक्यामागून वाक्य, मधे मधे थांबत. बाकावरची ती रिकामी जागा मला बघवेना.

बाबांनी या वेळी आवाज बंद करायला सांगितलं नव्हतं. मुलाखत संपली तसे ते उठून खोलीत गेले, दार लावून घेतलं. अंकल गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त. बायको गेलेल्या माणसाला जोडीदार गेलेला माणूस दाखवायची काय गरज होती? आता मिळालं होतं तेवढंही गेलं, असं मी नवऱ्याला म्हणाले. पास संपायला थोडेच दिवस राहिले होते.

रविवारी सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. चपला नव्हत्या. ते एकटे कधी खाली उतरले नव्हते. मी केस न विंचरता लिफ्ट गाठली. आमच्या ब्लॉकखाली कॉफीशॉप आहे, रविवारी तिथं ही गर्दी. कोपऱ्यातल्या टेबलाशी मला अंकलचं पांढरं डोकं दिसलं आणि समोर बाबा. जिवात जीव आला. लगेच जाऊन ओरडायचं होतं, पण बाबांचे ओठ हलत होते, आणि अंकलचे नाही. मी मुकाट्यानं चहाच्या रांगेत उभी राहिले. रांग त्यांच्या टेबलामागूनच जात होती.

"आय गो टु सी गर्ल," बाबा सांगत होते. "फॉर मॅरेज. माय फादर, माय मदर, ऑल गो."

मी ओळखलं. ही आईची गोष्ट. बाबा तिला बघायला आले तो दिवस. हा तिचा हुकमी किस्सा, तापाच्या दिवशी पडलेला तोच. मुलगा लाजून एक अक्षर बोलेना. पोहे आले, मुलगी आली, तरी मान खाली. मोरीतला नळ गळत होता त्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी मुलगा उठला, पाना मागितला, नळ दुरुस्त केला, हात धुतले आणि घरी गेला. आई म्हणायची, "मुलगी बघायला आला आणि नळ बघून गेला."

"ऑल पीपल सिटिंग," बाबा म्हणाले. "आय ॲम नॉट टॉकिंग. शी इज नॉट टॉकिंग. ओन्ली टॅप इज टॉकिंग."

इथं ते थांबले. कप उचलला, एक घोट घेतला, कप ठेवला. आई इथंच थांबायची. ती पदर सारखा करायची, हा कप उचलत होता, पण थांबणं तेच, तेवढंच. अंकल पुढं झुकले.

"देन?" अंकल म्हणाले. त्या जन्मजात बोलक्या माणसाच्या तोंडून एवढा एकच शब्द आला, आणि बरोबर जागेवर आला.

"देन आय गेट अप." पुन्हा थांबले. आई इथं पाहुण्यांवरून एक नजर फिरवायची. बाबांनी मान वर केली आणि टेबलावरून, शेजारच्या टेबलावरून नजर फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना लोकांकडे बघताना बघत होते. "आय से, प्लीज गिव्ह मी स्पॅनर."

पुढचं वाक्य, त्यापुढचं वाक्य. मी ऐकत होते. बाबांचं मोडकंतोडकं इंग्रजी, आणि त्याच्या आत माझ्या आईची गोष्ट, तिच्या सगळ्या जागांसकट: कुठं घाई, कुठं दम खायचा, कुठं आवाज खाली आणायचा. इतकी वर्षं हा माणूस तिच्या खांद्याकडे बघत होता. तिची एकूण एक ओळ त्याच्यापाशी होती. मी तिची मुलगी, बडबड तिच्याकडूनच घेतलेली, पण मला यातली एक जागा घेता आली नसती. मागच्या माणसानं पुढं सरका म्हणून सांगितलं तरी माझे पाय हलेनात.

"आय गो टु सी गर्ल," बाबा शेवटी म्हणाले, आणि थांबले, आणि अंकलना पुरतं ताटकळू दिलं. "आय सी टॅप. आय गो होम."

अंकल हसता हसता टेबलावर थापा मारायला लागले. शेजारच्या टेबलावरची दोन माणसंही हसली. "वा, ब्रदर," अंकल डोळे पुसत म्हणाले, "यू व्हेरी फनी, यू नो?"

बाबांनी मान हलवली. "नॉट मी," ते म्हणाले. "माय वाइफ इज फनी."

त्यांचं इंग्रजी सुधारायची मला खोड. 'इज' नाही बाबा, 'वॉज', हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. बाबांनी रिकामा कप बाजूला सरकवला, खुर्चीत नीट बसले, आणि कुणी काही विचारायच्या आत पुढची गोष्ट सुरू केली.